पाचव्यासाठी सोडलेली जागा

१

रविवारी दुपारी दोन वाजता क्लासची परीक्षा सुटायची, अडीचपर्यंत हॉल रिकामा व्हायचा आणि पावणेतीनला जिलानी माईकची पेटी घेऊन आत शिरायचा. हॉल म्हणजे तीनशे पोरं बसतील असं पत्र्याचं लांबलचक शेड. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले होते, आणि तेही जिलानीनंच लावलेले. त्या दिवसांत लातुरात एकेका गल्लीत दोन-दोन क्लास निघत होते. बीडपासून देगलूरपर्यंतची पोरं ट्रंका घेऊन येत होती, आणि शेवटच्या बाकावरच्या पोरालाही न्यूटन ऐकू गेला पाहिजे म्हणून प्रत्येक क्लासला माईक लागत होता. गंजगोलाईतल्या 'जिलानी साऊंड'ला बसायला फुरसत नव्हती.

रविवारचं काम मात्र हौसेचं होतं. आधी पंखे बंद करायचे. मग पाण्याचा कूलर. मग ट्यूबलाइट, कारण तिचा चोक गुणगुणतो आणि ती गुणगुण माईक इमानदारीनं पकडतो. एवढं सगळं बंद झालं की हॉलमध्ये फक्त पत्रा उरायचा. उन्हानं तापलेला पत्रा टक्‌ टक्‌ करतो, त्याच्यावर जिलानीकडेही इलाज नव्हता.

वाजवणारे चौघं. फिजिक्स शिकवणारे दयानंद सर बुलबुल तरंग वाजवायचे, तेही बटणं न दाबता, तारांवर कधी पेन्सिल तर कधी कंगवा फिरवून. अहमदपूरकडच्या एका खेड्यातला व्यंकट पखवाज घेऊन एस्टीनं यायचा. त्याच एस्टीत नांदेडहून अकरम चढलेला असायचा. तो लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला. आणि चौथी जिलानीची मुलगी मनतशा, पेटीवर.

या वाजवण्याला सर 'मोकळं वाजवणं' म्हणायचे. राग नाही, ताल नाही, आधी काहीच ठरवायचं नाही. नियम एकच. ऐकायचं. दुसरा काही वाजवत असला की त्याला जागा सोडायची, आणि त्याचं झालं की आपल्याला जे सुचेल ते उत्तर द्यायचं. ऐकणाऱ्याला ते कसं वाटे, हे क्लासचा वॉचमन नरसिंग यानं एकदा सांगून टाकलं होतं. अर्धा तास दारात उभा राहून त्यानं जिलानीला हळूच विचारलं, "चाचा, यांची जुळवाजुळव चालू हाय ते कळलं. पण सुरू कधी होणार?"

जिलानीलाही त्यातलं फारसं कळत नव्हतं. पण मनतशाचं त्याला कळत होतं. लहानपणापासून या पोरीच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. "हिच्या नवऱ्याला बिचाऱ्याला आयुष्यात बोलायला मिळणार न्हाई," असं तिची आई चांदबी कौतुकानं म्हणायची. बारावीचं वर्ष लागलं, पहाटेचा क्लास, रोजची टेस्ट, भिंतीवर रँक, आणि पोरगी हळूहळू मुकी होत गेली. जेवताना ताटात पुस्तक. विचारलं की हाव, न्हाई, एवढंच. सरांनी तिला पेटी वाजवायला बोलावलं आणि पहिल्याच रविवारी ती स्कूटरवर मागं बसून घरापर्यंत बोलत आली. त्या बडबडीसाठी जिलानीनं रविवारच काय, आठवडाभर माईक लावले असते. एकुलती एक पोर, आणि तिचा आवाज घरात असला की त्याला घर भरल्यासारखं वाटायचं.

२

फेब्रुवारीत सरांनी ठरवलं, एक रेकॉर्डिंग करायचं. पुण्यात त्यांचे कुणी दोस्त असंच वाजवायचे, त्यांना सीडी पाठवायची. चाळीस मिनिटं, एका दमात, मधे तोडायचं नाही, नंतर कापायचं नाही.

जिलानीनं चार माईक लावले, कानावर हेडफोन चढवला आणि बोट वर केलं. व्यंकटनं पखवाजावर नुसता तळवा फिरवला. सरांचा कंगवा तारांवरून गेला. अकरमनं क्लॅरिनेटमधून सूर न काढता फुंकर सोडली, आणि मनतशानं पेटीचा भाता हलवला, स्वर न दाबता. चारी बाजूंनी नुसता श्वास. बरं वाटलं जिलानीला. हळूहळू ते वाढत गेलं, एकमेकांत गुंतत गेलं.

बाराव्या मिनिटाला चौघंही थांबले.

झालं वाटतं, म्हणून जिलानीचा हात बटणाकडे गेला. पण कुणी हात खाली ठेवले नव्हते. मनतशाची मान किंचित डावीकडे कललेली, व्यंकटचा तळवा पखवाजावर टेकलेला, अकरमच्या ओठांत क्लॅरिनेट तसंच. हेडफोनमध्ये पत्र्याची टक्‌ टक्‌ आणि चौघांचे श्वास. मग एकाच क्षणी चौघांनी पुन्हा सुरुवात केली. कुणी खूण केली नव्हती. हे जिलानीनं नीट पाहिलं होतं.

असं आणखी सहा वेळा झालं.

३

सोमवारी दुकानात त्यानं ते कॉम्प्युटरवर लावलं. पडद्यावर आवाजाच्या रेघा डोंगरासारख्या वर-खाली जात होत्या आणि सात ठिकाणी सपाट झाल्या होत्या. पहिली जागा नऊ सेकंदांची, शेवटची सव्वीस. चारही माईकच्या रेघा एकाच वेळी पडत होत्या. सोबत वाजवणारी माणसं थांबली तरी कुणीतरी अर्धा क्षण मागं राहतोच, लग्नाच्या बँडमध्ये तर झांजवाला दोन क्षण राहतो. इथं सुईच्या टोकाएवढंही मागं-पुढं नव्हतं.

होतं असं, जिलानीनं स्वतःला समजावलं. सवय. महिनोन्‌महिने सोबत वाजवलेली माणसं श्वाससुद्धा सोबत घेतात. भजनात नाही का, बुवांनी मान टाकली की सगळे गप्प.

संध्याकाळी सर ऐकायला आले. खुर्चीत टेकून त्यांनी डोळे मिटले. बारावं मिनिट आलं, रेघा सपाट झाल्या, आणि सरांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"वा! किती हळू आत येतं बघा जिलानीभाई."

"काय येतं, सर?"

"हे." सरांचं बोट टेबलावर कशाच्या तरी लयीत पडत होतं. लय वाकडीतिकडी होती. दोन, मग थांबून एक, मग बराच वेळ काही नाही. पडद्यावरची रेघ सरळ होती. स्पीकरमधून पत्रा तेवढा टकटकत होता.

"सर, इथं तुम्ही चौघंबी थांबलेत. इथं कायच न्हाई."

सरांनी डोळे उघडले. "थांबलो? आम्ही कुठं थांबलो? जागा दिली. हा माणूस वाजवत होता ना."

"कोण माणूस?"

"अकरम असेल." सरांनी पुन्हा कान दिला. "नाही. अकरम असं वाजवत नाही. मनतशा असेल. मुलगी फार पुढं गेलीय, खरं सांगतो."

घरी आल्यावर त्यानं मनतशाला विचारलं. ती रसायनशास्त्राच्या वहीत डोकं खुपसून बसलेली. "ते व्हय अब्बा? मला तर वाटलं सर हाईत." अकरमला फोन केला, त्याला वाटलं होतं व्यंकट. व्यंकटला वाटलं होतं अकरम. चौघांनीही ऐकलं होतं, आणि चौघांनाही ते दुसऱ्या कुणाचं वाटलं होतं.

४

मग कान माझेच गेले, हा जिलानीचा पहिला विचार. तीस वर्षं कर्ण्यांच्या पुढं उभा राहिलेला माणूस, कान जायचेच. तो कानाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवलं, बारीक बारीक शिट्ट्या ऐकवल्या, ऐकू आलं की बटण दाबायचं. जिलानीनं एकही शिट्टी सोडली नाही. "हरणाचे कान आहेत तुमचे," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला पाठवलं कोणी?"

कानांना काही झालं नव्हतं, आणि जिलानीला तीच वाईट बातमी वाटली.

त्याच्या कानांचं नाव तसं जुनंच. भूकंप झाला ती पहाट गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसाची. जिलानीचं सगळं सामान अजून टेम्पोतच होतं. आठ वाजता कुणीतरी सांगत आलं की औशाच्या पलीकडची गावंच्या गावं बसलीत. तो टेम्पो घेऊन तसाच गेला. घरं म्हणजे नुसते दगडांचे ढीग झाले होते. काय सुचलं कुणास ठाऊक, त्यानं बॅटरीवर अ‍ॅम्प्लिफायर लावला, लांब वायरीला माईक बांधला आणि विहिरीत पोहरा सोडावा तसा दगडांच्या फटीतून खाली सोडला. मग शिट्टी वाजायची. आणि शिट्टी वाजली की सगळे गप्प. फावडी थांबायची, रडणं थांबायचं, अख्खं गाव श्वास रोखून जिलानीच्या तोंडाकडे बघायचं. त्यानं मान डोलावली की खणायचं. त्यानं मान हलवली की पुढचा ढीग.

पहिल्या दिवशी दोनदा मान डोलावली. एकदा रत्नम्मा नावाची म्हातारी जिवंत निघाली. दुसऱ्यांदा चार तास खणून शेळी निघाली, मेलेली. त्या चार तासांत पलीकडच्या ढिगातलं विव्हळणं बंद पडलं. कुणी त्याला बोललं नाही. दुसऱ्या दिवशी, पावसात, तिसऱ्या जागी त्यानं पुन्हा माईक सोडला.

या पुढचं जिलानीनं चांदबीलाही सांगितलं नव्हतं. तिथं त्याला ऐकू आलं होतं. दगडावर कुणी नख घासावं तेवढंच. दोन, मग थांबून एक, मग बराच वेळ काही नाही. उंदीर असेल. पाणी झिरपत असेल. पुन्हा शेळी असेल. माणसं दमून गेली होती, आणि सगळं गाव तोंडाकडे बघत होतं. जिलानीनं मान हलवली.

लातुरात मात्र तो हिरो ठरला. पाच वर्षांच्या मनतशाला कडेवर घेऊन लोक सांगायचे, तुझ्या अब्बाला जमिनीखालचं ऐकू येतं. पोरगी तेच ऐकत मोठी झाली. शाळेत तिनं त्याच्यावर निबंधसुद्धा लिहिला होता.

सरांचं बोट टेबलावर कोणत्या लयीत पडत होतं, ते त्याला डॉक्टरच्या जिन्यात आठवलं.  मग योगायोग म्हणून त्यानं तो विषय मिटवला. माणूस काहीही मिटवू शकतो, सवय असली की.

५

पुढच्या रविवारी सरांनी दुसरं रेकॉर्डिंग काढलं, पहिल्यापेक्षा चांगलं व्हायला हवं म्हणून. या वेळी जिलानीनं घड्याळ समोर ठेवलं. चाळीस मिनिटांतली बावीस मिनिटं सपाट गेली. त्या बावीस मिनिटांत चौघांचे चेहरे इतके गुंतलेले होते, की त्यांना काही दिसत नव्हतं, माशीसुद्धा नाही. व्यंकटच्या भुवईवर बसलेली माशी चालत डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली, तरी त्यानं पापणी हलवली नाही.

संपल्यावर अकरमनं क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करून पेटीत ठेवले. 

"मी यायचा न्हाई आता, जिलानीभाई."

"कामून?"

"लई भारी वाजवतो तो. पण मला वाजवायला जागाच उरंना. आज दोन डाव मला सूर सुचला, आन मी तोंड लावलं, तर..." त्यानं बाकीच्या तिघांकडे पाहिलं. "तर या समद्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की जसं मीच मधी बोललो. तुम्ही पोरीला आणू नका. माझं ऐका."

"कोण वाजवतो, अकरम?"

अकरमनं त्याच्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं. "तुम्हाला ऐकू येत न्हाई? तुम्हालाच?"

घरी त्या आठवड्यात मनतशा बोलत होती, पण कसं, ते चांदबीच्या आधी लक्षात आलं. वाक्याच्या मधेच ती थांबे. घास हातात, मान कललेली. मग पुढचं वाक्य ती बोले, पण ते आधीच्याला जोडलेलं नसे, दुसऱ्याच कशाचं तरी उत्तर असे. "हाव, तसंच," म्हणून हसे. मंगळवारी चांदबी तिच्याशी परीक्षेच्या हॉल तिकिटाबद्दल बोलत होती, तर पोरीनं आईच्या हातावर हलकेच हात ठेवला. "अम्मी, जरा थांब ना. बोलून राहिलेत."

 स्वयंपाकघरात येऊन चांदबीनं जिलानीचा दंड धरला. "अभ्यासाचं वेड म्हणावं तर तसं न्हाई. माझी पोरगी आपल्या घरात कुणाचा तरी अदब पाळून राहिलीय, जी. कोण हाय ते मला सांगा."

 जिलानीला आता भीती उघड वाटत होती. तो आपल्या दंडावरची तिची बोटं सोडवू शकला नाही.

६

त्यानं मनतशाची पेटी कपाटात घालून कुलूप लावलं, आणि सरांना कळवलं की बास, कानाला खडा. दोन्ही रेकॉर्डिंग पुसून टाकली. व्हायचं ते उलटंच झालं. पूर्वी वाक्यामधे थांबणारी पोरगी आता थांब्यामधे एखादं वाक्य बोलू लागली. क्लासच्या टेस्टमध्ये तिनं कोरा पेपर दिला. रागावून विचारलं तर म्हणाली, लिहिताना पेनाचा आवाज होतो.

अहमदपूरकडून फोन आला. व्यंकटची आई पार्वतीबाई होती, फोनवर बोलायची सवय नसल्यानं ओरडून बोलत होती. "ओ साऊंडवाले, तुमच्या तिथं काय झालं वो? परवापासनं पखवाज पुढं घिऊन बसलाय. वाजवत न्हाई, जेवाय उठत न्हाई. शेतात हरभरा काढणीला आलाय. हाक मारली की बोट वर करतोय, थांब म्हणून."

त्या दिवशी दुपारी जिलानी मनतशाच्या खोलीत जाऊन तिच्यासमोर जमिनीवर बसला. खिडकीतून ऊन आत आलं होतं. पोरगी भिंतीला टेकून बसलेली, आनंदी म्हणावी अशी. त्यानं वाट पाहिली. थांबा संपून तिनं त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा त्यानं घाईनं विचारलं, "बेटा, ते काय म्हणतं?"

"काय म्हणत न्हाई अब्बा. विचारतं."

"काय विचारतं?"

"वर कोण हाय का, म्हणून. कोण ऐकून राहिलंय का, म्हणून. लई येळापासून विचारून राहिलंय."

 "मग तू काय सांगतीस?"

मनतशाचा चेहरा उजळला. लहानपणी तो निबंध वाचून दाखवताना उजळला होता तसा. "मी सांगितलं, माझे अब्बा हाईत. त्यांना खालचं समदं ऐकू येतं. ते आले की तुमचं काम झालंच म्हणून समजा."

"कधी सांगितलंस?"

"पयल्याच दिवशी. पेटीवर."

त्यानं तिला जवळ ओढलं. एवढी मोठी झाल्यापासून ओढलं नव्हतं. ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून राहिली, पण तिची मान लगेच कलली, आणि त्याला समजलं की ती पुन्हा ऐकायला लागली आहे. त्यानं तिच्या कानाला कान लावून पाहिला. तिच्या रक्ताची धडधड तेवढी ऐकू आली.

७

उत्तर द्यायला हवं, एवढंच त्याला समजत होतं. उत्तर मिळालं की जो विचारतो तो थांबतो. निदान माणसांत तरी तसं असतं. बाकी कुणाला विचारणार? डॉक्टरला? मौलवीसाहेबांना? आधी मान हलवल्याची गोष्ट सांगावी लागली असती.

रविवारी पावणेतीनला त्यानं हॉल उघडून घेतला. पंखे, कूलर, ट्यूबलाइट बंद केले. दयानंद सर आधीच येऊन बसले होते. तीन दिवस त्यांनी शिकवायला तोंड उघडलं नव्हतं, क्लासनं दुसरे सर बघितले होते. मनतशाला चांदबीनं नवा ड्रेस घालून, वेणी घालून पाठवलं होतं. निघताना चांदबी स्कूटरपर्यंत आली आणि जिलानीला एवढंच म्हणाली, "घेऊन या तिला." मनतशा तिथंच होती, स्कूटरवर मागं बसलेली, तरी दोघांनाही ते बोलणं चुकीचं वाटलं नाही.

जिलानीनं तीन माईक लावले. दोन त्यांच्यासाठी, एक स्वतःसाठी. मनतशाच्या पुढं त्यानं पेटी ठेवली आणि बोट वर केलं. तिनं एकदा भाता हलवला. सरांनी तारेवर एकदा पेन्सिल टेकवली. आणि झालं, दोघं थांबले.

त्यानं आपला माईक तोंडाशी घेतला. आयुष्यभर लोकांना माईक देणारा माणूस, स्वतः कधी 'हॅलो, हॅलो'च्या पुढं त्यात बोलला नव्हता.

"मी जिलानी," तो म्हणाला. आवाज हॉलभर पसरला आणि अंड्यांच्या ट्रेंनी पिऊन टाकला. "मला ऐकू आलं होतं. तिसऱ्या जागी. मला पक्कं ऐकू आलं होतं, उंदीर नव्हता, पाणी नव्हतं. मी मान हलवली. मला भ्या वाटलं. पोरीला काय ठाव न्हाई, ती पाच वर्षांची होती. जे काय हाय ते माझ्याशी बोला."

मग तो ऐकू लागला. हेडफोन त्यानं दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. पत्र्याची टक्‌ टक्‌. सरांचा श्वास, मनतशाचा श्वास. त्यामागं काही नव्हतं. हरणाच्या कानांना काही नव्हतं.

सर मात्र हळूहळू त्याच्याकडे वळले. मनतशाही वळली. दोघं त्याच्याकडे बघत राहिले. राग नव्हता त्या नजरेत. ज्याच्याविषयी कुणीतरी काहीतरी सांगत असावं, त्या माणसाकडे आपण बघतो तसं ते बघत होते. सांगणं लांबत चाललं होतं.

"काय म्हणतंय?" जिलानीनं विचारलं. "सर, काय म्हणतंय? बेटा, मला सांग ना ग. मला ऐकू येत न्हाई."

कुणी सांगितलं नाही. त्यानं पुन्हा सुरुवातीपासून सगळं सांगितलं, शेळी, पाऊस, गावाचे चेहरे. माफी मागितली. मशीनवरच्या आकड्यानं तासाचा टप्पा ओलांडला आणि तो बोलायचा थांबला, कारण आपण कुणाच्या तरी बोलण्याच्या मधे बोलतो आहोत, असं त्याला त्या दोघांच्या चेहऱ्यांवर दिसलं.

पाचच्या बॅचची पोरं आली. बाहेर सायकलींचे स्टँड वाजले, हसणं, कुणाला तरी चिडवणं. आता तुटेल, जिलानीला वाटलं, एवढ्या गोंगाटात काय टिकतंय. नरसिंगनं दार सताड उघडलं आणि पोरं दप्तरं आपटत आत शिरली. पहिल्या बाकावरची गप्प झाली. मग दुसऱ्या. गप्प होणं बाकाबाकानं मागं सरकत गेलं. पाणी पाटातून जातं तसं. शेवटच्या बाकावरचा एक पोरगा काहीतरी बोलत होता, तोही अर्ध्या शब्दावर थांबला. तीनशे पोरं उभी होती, कुणी दप्तर खांद्यावरून काढता काढता, कुणी बसता बसता, आणि सगळ्यांच्या माना डावीकडे कललेल्या. दारात नरसिंगनं हातातल्या किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या, वाजू नयेत म्हणून. मग पुढच्या बाकापासून एकेक चेहरा जिलानीकडे वळायला लागला.

त्यानं हेडफोन ओरबाडून काढला. उघड्या कानांनाही तेवढंच ऐकू आलं. ऊन उतरत होतं, आता पत्राही टकटकत नव्हता.

तो मनतशाजवळ गेला, गुडघ्यांवर बसला आणि तिचा हात धरला. "चल घरी. अम्मी वाट बघते. मनू, चल, उठ."

तिनं त्याच्या हातातून आपला हात सोडवून घेतला, हलकेच, त्याला वाईट वाटू नये अशा बेतानं. त्याच्या चेहऱ्यावरून तिची नजर फिरली, पण कुठंही थांबली नाही.

"जरा थांबता का, चाचा," ती म्हणाली. "त्यांचं बोलणं होऊ द्या."

आवाज तिचाच होता, गोड आणि अदबीचा. परक्या माणसाशी असं बोलायला त्यानंच तिला शिकवलं होतं.